धावत्या पट्ट्यांच्या आलेखात दोन जनगणनांमधली दहा वर्षे कशी भरायची?

प्रश्न: कोरा_रकाना

नमस्कार मंडळी. १९५१ ते २०११ या सात जनगणनांमधली राज्यांची लोकसंख्या घेऊन बार चार्ट रेस (काळ सरकतो तशी पट्ट्यांची लांबी आणि क्रम बदलणारा आलेख) करते आहे. आकडे पांडाजमध्ये (पायथनमधली तक्ते हाताळणारी लायब्ररी) तयार करते आणि चित्र डी३ मध्ये (ब्राउझरमध्ये आलेख काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) काढते. पडद्यावर २० पट्ट्या आहेत, अक्षाची लांबी १००० पिक्सेल. दर महिन्याला एक की-फ्रेम (जिथे पट्ट्यांचे आकडे ठरलेले असतात असे चित्र) आणि दोन की-फ्रेममध्ये १०० मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदात दहा महिने सरकतात.

राज्यांचे आकडे त्या-त्या वेळच्या अहवालांतून उतरवले आहेत. ज्या रकान्यात आकडा नव्हता तिथे 'फिलएनए' वापरून शून्य टाकले, कारण कोरे रकाने ठेवले की पुढचे गणित अडत होते. मग 'इंटरपोलेट' (दोन माहीत आकड्यांवरून मधले आकडे काढणारे फंक्शन) चालवून मधले महिने भरले. लेबले स्थिर दिसावीत म्हणून भरलेले आकडे लाखापर्यंत पूर्ण केले आणि त्यावरून क्रमांक लावले.

आता दिसते ते असे:

१) आसामची पट्टी १९७१ नंतर आक्रसत जाते, १९८१ ला नाहीशी होते आणि १९९१ पर्यंत पुन्हा वाढते. जम्मू-काश्मीरचे तसेच, पण १९९१ ला.
२) झारखंड १९९१ पासूनच शून्यातून वाढत येते.
३) बिहारची पट्टी १९९१ ते २००१ सावकाश लहान होते आणि ऑगस्ट १९९४ मध्ये महाराष्ट्र तिला मागे टाकतो. हे खरे असेल असे वाटत नाही.
४) १९६६-६७ च्या सुमारास आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगाल या पट्ट्या सारख्या खालीवर होतात.
५) सगळ्याच पट्ट्या धक्के खात सरकतात.

स्प्लाइन (सगळ्या ठिपक्यांमधून जाणारी गुळगुळीत वक्ररेषा) वापरली तर हे सुधारेल का? की मधले महिने भरूच नयेत?

---

उत्तर: सीमारेषा

स्प्लाइनने यातले काहीच सुधारणार नाही, बिहारचे तर आणखी बिघडेल. तुमच्या तक्त्यात तीन वेगवेगळ्या प्रकारच्या मोकळ्या जागा आहेत आणि तुम्ही तिन्ही एकाच फंक्शनने भरल्या आहेत. दोन जनगणनांच्या मधली वर्षे ही एक: तिथे लोक होते, वाढत होते, फक्त मोजणी नव्हती. दुसरी, मोजणी व्हायची होती पण झाली नाही. १९८१ ला आसामात आणि १९५१ व १९९१ ला जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नाही. तिसरी म्हणजे ते राज्यच तेव्हा अस्तित्वात नव्हते. पहिली भरता येते. दुसरी भरता येते, पण भरलेली आहे हे दिसले पाहिजे. तिसरी भरायची नसते, तिथे मालिका तोडायची असते.

तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण या आलेखातली सगळ्यात मोठी चूक तिथे आहे.

१९९१ चा बिहारचा आकडा ८,६३,७४,४६५. हा अविभाजित बिहार. २००१ चा आकडा ८,२९,९८,५०९. हा झारखंड वेगळा झाल्यानंतरचा बिहार. नाव एक, प्रदेश दोन. या दोन ठिपक्यांमधून सरळ रेघ काढली की बिहारची लोकसंख्या दहा वर्षे घटत होती असे चित्र तयार होते. महाराष्ट्र त्याच काळात ७,८९,३७,१८७ वरून ९,६८,७८,६२७ वर गेला. दोन्ही रेघा जिथे छेदतात तो बिंदू ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस येतो. तुमचे गणित बरोबर आहे, पण त्या महिन्यात असे काहीही घडलेले नाही.

२००१ चे बिहार आणि झारखंड एकत्र करून पाहा: ८,२९,९८,५०९ अधिक २,६९,४५,८२९, म्हणजे १०,९९,४४,३३८. महाराष्ट्राच्या कितीतरी पुढे. या दशकात झारखंड वेगळे होईपर्यंत अविभाजित बिहार दुसऱ्या क्रमांकावरच होता. १५ नोव्हेंबर २००० ला झारखंड झाले आणि त्या एका दिवसात क्रम बदलला.

मध्य प्रदेशाकडे पाहिलेत का? तिथेही हेच झालेले असणार. १९९१ ला ६,६१,८१,१७० आणि २००१ ला ६,०३,४८,०२३. तमिळनाडू ५,५८,५८,९४६ वरून ६,२४,०५,६७९. सरळ रेघेने तमिळनाडू १९९९ च्या मध्यावर पुढे गेलेला दिसेल. छत्तीसगड झाले १ नोव्हेंबर २००० ला. उत्तर प्रदेशाचे (उत्तराखंड, ९ नोव्हेंबर २०००) लक्षात येत नाही, कारण तुकडा लहान असल्यामुळे पट्टी तरीही वाढतेच. पण वाढीचा वेग खोटा असतो.

उपाय सोपा आहे. जनगणनेचा 'ए-२' हा तक्ता घ्या. त्यात १९०१ पासूनचे आकडे आजच्या सीमांनुसार मागे नेऊन दिलेले असतात. २०११ च्या ए-२ तक्त्यात १९९१ चा बिहार ६,४५,३०,५५४ आणि झारखंड २,१८,४३,९११ आहे. बेरीज करा, ८,६३,७४,४६५ येते, म्हणजे तुमचाच जुना आकडा. ही बेरीज जुळते का ते प्रत्येक फुटलेल्या राज्यासाठी तपासा. दोन स्रोतांतले आकडे मिसळले असतील तर इथेच पकडले जातील.

आता दोन रस्ते आहेत. एक, सगळा आलेख २०११ च्या सीमांनुसार दाखवायचा. झारखंड, छत्तीसगड, उत्तराखंड १९५१ पासून पडद्यावर राहतील आणि खाली कायम एक ओळ: 'सर्व आकडे २०११ च्या सीमांनुसार'. दुसरा, सगळे हिशेब आजच्या सीमांनी करायचे, पण १५ नोव्हेंबर २००० च्या आधीच्या फ्रेममध्ये बिहार आणि झारखंड यांची बेरीज 'बिहार' म्हणून दाखवायची. त्या दिवशी सरळ इंटरपोलेशनने अविभाजित पट्टी साधारण १०.९३ कोटींवर असते आणि तिचे ८.२५ व २.६८ कोटी असे दोन तुकडे होतात. महाराष्ट्र तेव्हा ९.६४ कोटींवर असतो, म्हणून त्याच फ्रेममध्ये तो दुसरा होतो. पट्टीचा तुकडा सुटून खाली आपल्या जागी जायला पाऊण सेकंद द्या, म्हणजे पाहणाऱ्याला घट नव्हे, फाळणी दिसेल.

एक लक्षात असू द्या. पहिल्या रस्त्याने गेलात तर महाराष्ट्र सातही जनगणनांत दुसराच राहतो, १९५१ मध्येसुद्धा. म्हणजे 'महाराष्ट्र दुसरा कधी झाला' याची तीन उत्तरे मिळतात: ऑगस्ट १९९४, नोव्हेंबर २०००, आणि पहिल्यापासून. पहिले साफ चुकीचे आहे. उरलेली दोन्ही बरोबर आहेत, पण प्रश्न वेगवेगळे आहेत.

साठ वर्षांच्या आलेखाला मी पहिला रस्ता सुचवेन. दुसरा रस्ता प्रामाणिकपणे चालायचा तर १९५६ ची राज्यपुनर्रचना, १ मे १९६०, १९६६ चे पंजाब-हरियाणा, १९७२ चा ईशान्य भाग हे सगळे तुकडे त्या-त्या तारखेला दाखवावे लागतील. १९५१ चा महाराष्ट्राचा ३,२०,०२,५६४ हा आकडासुद्धा आजच्या सीमांनीच काढलेला आहे. तेव्हा या नावाचे राज्य नव्हते.

---

उत्तर: रांगोळी_ग्रिड

सीमांचे वर आले आहे, मी आकडे भरण्याच्या पायऱ्या सांगते.

आधी शून्याचे. कोरा रकाना म्हणजे 'माहीत नाही' आणि शून्य म्हणजे 'एकही माणूस नाही'. इंटरपोलेशन फक्त कोऱ्या जागा भरते, शून्याला ते खरा आकडाच समजते. म्हणून आसाम १९८१ ला शून्यावर जाऊन परत आला. 'फिलएनए' पूर्ण काढून टाका.

कोरे रकाने ठेवल्यावर गणित अडत होते, त्याचे कारण बहुधा वेगळे आहे. सरकारी तक्त्यांत आकडा नसेल तिथे आडवी रेघ किंवा टिंबे घातलेली 'एन. ए.' ही अक्षरे असतात. फाइल वाचताना पांडाज रिकामी जागा आणि टिंबांशिवायचे 'एनए' ओळखते, पण नुसती आडवी रेघ ओळखत नाही. मग अख्खा स्तंभ मजकूर म्हणून वाचला जातो आणि इंटरपोलेशन अडते. फाइल वाचतानाच 'एनए_व्हॅल्यूज' मध्ये ही चिन्हे द्या आणि 'थाउजंड्स' मध्ये स्वल्पविराम द्या. वाचून झाल्यावर प्रत्येक स्तंभाचा प्रकार फ्लोट (दशांश संख्या) आहे ना ते पाहा.

मग तारखा. '१९७१' असे नुसते वर्ष लिहू नका. जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च असते, पण १९७१ ला ती १ एप्रिल होती. त्यामुळे १९६१ ते १९७१ हे अंतर १० वर्षे १ महिना आहे आणि १९७१ ते १९८१ एक महिन्याने कमी. गोव्याचे १९५१ व १९६१ खाली छापलेले आकडे मुळात पोर्तुगीज गणतीचे, १९५० व १९६० चे आहेत. गोवा घेत असाल तर त्याला त्याची खरी तारीख द्या.

महिन्यांची अनुक्रमणिका 'एमएस' (महिन्याचा पहिला दिवस) या वारंवारतेने तयार करा. १ मार्च १९५१ ते १ मार्च २०११ अशा ७२१ ओळी होतील आणि सातही संदर्भतारखा त्यात तंतोतंत बसतील. महिनाअखेरची वारंवारता घेतलीत तर १ मार्चचा आकडा ३१ मार्चवर जाऊन बसतो, किंवा तारीख जुळत नाही म्हणून गळून पडतो. गळला तर एरर येत नाही, फक्त एक जनगणना गुपचूप नाहीशी होते. म्हणून 'रीइंडेक्स' केल्यावर (तक्ता या नव्या तारखांवर बसवल्यावर) प्रत्येक राज्यात किती आकडे शिल्लक आहेत ते मोजा. सात हवेत, आसाममध्ये सहा आणि जम्मू-काश्मीरमध्ये पाच.

आता हे महत्त्वाचे: भरण्याआधीच एक खरे-खोटे तक्ता बाजूला काढून ठेवा, कुठल्या रकान्यात मोजलेला आकडा होता याचा. एकदा भरले की मोजलेले आणि भरलेले ओळखू येत नाही.

भरताना 'मेथड' मध्ये 'टाइम' द्या. काही दिले नाही तर 'लिनियर' लागते आणि ते तारखांकडे बघत नाही, सगळ्या ओळी सारख्या अंतरावर आहेत असे धरते. शिवाय 'लिमिट_एरिया' मध्ये 'इनसाइड' द्याच. नाहीतर शेवटच्या मोजणीनंतरच्या कोऱ्या जागांतही शेवटचाच आकडा पुढे ओढला जातो आणि पट्टी गोठल्यासारखी दिसते.

लोकसंख्या चक्रवाढीने वाढते, म्हणून मी आधी लॉगॅरिदम घेते, त्यावर इंटरपोलेशन करते आणि मग उलट फिरवते. फरक किती पडतो? महाराष्ट्र, २००१ आणि २०११ च्या बरोबर मध्ये: सरळ रेघेने १० कोटी ४६ लाख २६ हजार, चक्रवाढीने १० कोटी ४३ लाख ३९ हजार. तुमच्या १००० पिक्सेलमध्ये २० कोटी बसवले तर एक पिक्सेल म्हणजे २ लाख, म्हणजे फरक दीड पिक्सेलचा. दिसणारही नाही.

पण वीस वर्षांच्या फटीत तो आकड्यात दिसतो. आसाम १९७१ ला १,४६,२५,१५२ आणि १९९१ ला २,२४,१४,३२२. मार्च १९८१ साठी सरळ रेघ १ कोटी ८५ लाख देते, चक्रवाढ १ कोटी ८१ लाख. जम्मू-काश्मीर १९८१ ला ५९,८७,३८९ व २००१ ला १,०१,४३,७००. मधला आकडा सरळ रेघेने ८०.६६ लाख, चक्रवाढीने ७७.९३ लाख. फट जितकी लांब आणि वाढ जितकी जास्त तितकी सरळ रेघ मध्यावर जास्त फुगवून सांगते.

स्प्लाइनबद्दल. क्युबिक स्प्लाइन आकड्यांच्या बाहेर झेपावते: बिहारसारखी पडझड असेल तर पडण्याआधी उगाच वर चढते आणि नंतर उगाच खाली जाते. 'पीचिप' (आकड्यांचे चढउतार जपणारी वक्ररेषा) बाहेर झेपावत नाही, पण जिथे शिखर असेल तिथे उतार शून्य करते, म्हणजे सीमा न सुधारलेल्या मालिकेत १९९१ च्या आसपास बिहारची वाढ थांबलेली दिसेल. सीमा दुरुस्त केल्यावर सगळ्या मालिका चढत्याच राहतात आणि मग पीचिप चालते. तरी मला लॉगॅरिदम अधिक सरळ रेघ पुरेशी वाटते. तिचे गृहीतक एका वाक्यात सांगता येते: दोन मोजण्यांमध्ये वाढीचा दर कायम धरला आहे.

हे एक्सेलमध्ये करणाऱ्यांसाठी: नंतरच्या आकड्याला आधीच्या आकड्याने भागा, त्या भागाकाराला 'गेलेले दिवस भागिले एकूण दिवस' इतका घात द्या आणि आधीच्या आकड्याने गुणा. तारखा खऱ्या तारखांच्या स्वरूपात असतील तर दिवस नुसत्या वजाबाकीने मिळतात.

---

उत्तर: साठ_फ्रेम

धक्के आणि खालीवर होणे, ही दोन्ही आकड्यांची दुखणी नाहीत, चित्र काढण्याची आहेत.

धक्के: डी३ च्या ट्रान्झिशनची (एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत सरकण्याची) मूळ गती सरळ नसते, 'ईझ-क्युबिक' असते. सावकाश सुरुवात, मध्ये वेग, शेवटी पुन्हा सावकाश. तुमचे प्रत्येक ट्रान्झिशन १०० मिलिसेकंदांचे आहे, म्हणजे सेकंदातून दहा वेळा प्रत्येक पट्टी थांबते आणि निघते. पट्टीच्या लांबीच्या ट्रान्झिशनला 'ईझ-लिनियर' द्या, धक्के तिथेच थांबतील. की-फ्रेम विरळ ठेवून, म्हणजे दहा वर्षांना एकच ट्रान्झिशन ठेवूनही ही अडचण जात नाही. उलट देशाची लोकसंख्या दर दशकाच्या मध्ये भराभर वाढते आणि जनगणना जवळ आली की मंदावते असे खोटेच दिसते. लांबी हा आकडा आहे, तिला सजावटीची गती लावायची नाही. पट्टी वरखाली जागा बदलते ती हालचाल मात्र आकडा नाही. तिथे ईझिंग (अशी कमीजास्त होणारी गती) जरूर लावा, ४०० ते ५०० मिलिसेकंद.

यासाठी लांबी आणि जागा ही दोन वेगळी ट्रान्झिशन ठेवा आणि दोघांना वेगवेगळी नावे द्या. एकाच घटकावर बिननावाची दोन ट्रान्झिशन लावली तर दुसरे सुरू होताच पहिले तुटते.

'डेटा' जोडताना 'की' (प्रत्येक पट्टीची ओळखखूण) म्हणून राज्याचे नाव देता आहात ना? की दिली नसेल तर डी३ क्रमांकावरून जोडते, आणि मग पट्ट्या जागेवरच राहून नुसती नावे बदलतात.

आता आंध्र आणि बंगाल. १९६१ ला आंध्र प्रदेश ३,५९,८३,४४७ आणि पश्चिम बंगाल ३,४९,२६,२७९. १९७१ ला आंध्र ४,३५,०२,७०८, बंगाल ४,४३,१२,०११. या दशकात बंगाल एकदाच पुढे जातो. दोघांमधला फरक महिन्याला जेमतेम १५ हजारांनी बदलतो. तुम्ही क्रमांक लावण्याआधी आकडे लाखापर्यंत पूर्ण केलेत, त्यामुळे छेदबिंदूच्या आसपास जवळजवळ वर्षभर दोघे कधी बरोबरीत, कधी एक लाखाने मागेपुढे असे होत राहतात. त्यात पांडाजची मूळ सॉर्ट बरोबरीतल्या ओळींचा आधीचा क्रम राखेलच असे नाही. क्रमांक नेहमी पूर्ण न केलेल्या आकड्यांवरून लावा, सॉर्टला 'काइंड' मध्ये 'स्टेबल' द्या आणि बरोबरी झालीच तर नावाच्या अकारविल्हे क्रमाने सोडवा. पूर्ण करायचे ते फक्त लेबलात, अगदी शेवटी.

काही जण यावर उपाय म्हणून 'अमुक टक्के पुढे गेल्याशिवाय जागा बदलू नये' असा उंबरठा ठेवतात. इथे त्याची गरज नाही, आणि ठेवलात तर जनगणनेच्या फ्रेममध्ये क्रम चुकीचा राहण्याचा धोका असतो.

याच जोडीवरून लेबलाचा मुद्दा सांगतो. सरळ रेघेने छेद नोव्हेंबर १९६६ मध्ये येतो, चक्रवाढीने मे १९६७ मध्ये. पद्धत बदलली की घटना सहा महिने सरकते. म्हणजे तो महिना माहिती नाही, आपल्या सूत्राचा परिणाम आहे. आकड्यांवरून एवढेच म्हणता येते की १९६१ आणि १९७१ च्या दरम्यान कधीतरी बंगाल पुढे गेला. म्हणून कोपऱ्यात 'मे १९६७' असे मोठ्या अक्षरांत लिहू नका. नुसते वर्ष लिहा, तेही फिकट. जनगणनेची तारीख आली की ते ठळक करा.

तसेच पट्टीवरच्या आकड्याचे. मधल्या फ्रेममध्ये आठ-नऊ अंक पळताना दिसले की पाहणारा त्यांना मोजलेले समजतो. मधल्या काळात 'सुमारे ४.१ कोटी' एवढेच. जनगणनेच्या फ्रेमला पूर्ण आकडा, आणि तिथे एक सेकंद थांबा. सात ठिकाणी एकेक सेकंद धरून ७२ सेकंदांचा आलेख ७९ सेकंदांचा होतो. या थांब्याचा आणखी एक उपयोग आहे: जनगणनेच्या बिंदूवर वाढीचा दर बदलतो तेव्हा पट्टीचा वेग एकदम बदलतो. मध्ये थांबा असला की तो झटका जाणवत नाही, आणि तेवढ्यासाठी स्प्लाइन आणायची गरजही उरत नाही.

अक्ष ० ते २० कोटी असा कायम ठेवा. सगळ्यात मोठ्या पट्टीप्रमाणे अक्ष ताणत गेलात तर उत्तर प्रदेश जागचा हलत नाही आणि वाढणारी राज्ये आखूड होताना दिसतात. किंमत एवढीच की सुरुवातीला उजवीकडे बरीच जागा रिकामी राहते. राहू दे, १९५१ ते २०११ मधली वाढ त्या रिकाम्या जागेमुळेच कळते.

---

कोरा_रकाना:

ए-२ घेतला. बेरजा तिन्ही फुटलेल्या राज्यांत जुळल्या, आंध्र या तक्त्यात एकसंधच आहे. बिहारची घसरण गेली, ईझ-लिनियरने धक्के गेले, आंध्र-बंगाल आता एकदाच जागा बदलतात. मनापासून आभार.

दोन गोष्टी उरल्या. आसामची वीस वर्षे वेगळी कशी दाखवू? पट्टी फिकट केली तर राज्य कमी महत्त्वाचे आहे असे वाटते. आणि २०११ नंतर काय? आलेख तिथेच संपवला तर लोक जुना आहे म्हणतात.

---

उत्तर: रांगोळी_ग्रिड

फिकट करू नका, रंग तोच ठेवून तिरप्या रेघा द्या. एसव्हीजीमध्ये (डी३ ज्या स्वरूपात चित्र काढते त्यात) 'पॅटर्न' घटक ८ पिक्सेलचा, त्यात ३ पिक्सेलची रेघ, ४५ अंशांत. बाजूला काढून ठेवलेला खरे-खोटे तक्ता इथे कामाला येतो: प्रत्येक फ्रेमसाठी मागची मोजणी आणि पुढची मोजणी यांतले अंतर काढा. ते ११ वर्षांपेक्षा जास्त असेल तर रेघा. मग आसाम एप्रिल १९७१ ते मार्च १९९१ आणि जम्मू-काश्मीर मार्च १९८१ ते मार्च २००१ आपोआप रेघांत जातील, राज्यांची नावे कोडमध्ये हाताने लिहावी लागणार नाहीत. १९८१ चा थांबा येतो तेव्हा बाकीच्या पट्ट्यांवर पूर्ण आकडा असेल. आसामवर 'गणना नाही, सुमारे १.८ कोटी' असे लिहा. थांबा असल्यामुळे ते वाचायला वेळ मिळतो. रेघांचा अर्थ सांगणारी एक ओळ खाली सुरुवातीपासून ठेवा. ती १९७१ ला एकदम उगवली तर लक्ष तिकडे जाते आणि पट्ट्या हुकतात.

---

उत्तर: सीमारेषा

२०११ नंतरचे आकडे मागच्या दशकाच्या दराने पुढे ओढू नका. दोन मोजण्यांमधली जागा भरताना दोन्ही टोके पक्की असतात, इथे एकच टोक आहे. दाखवायचेच असेल तर २०११ ते २०३६ साठी केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने केलेली राज्यवार अधिकृत प्रक्षेपणे (पुढच्या काळाचे अंदाज) आहेत, ती घ्या. पण ती पट्टी भरीव नको: नुसती तुटक किनार, आत पांढरे, आणि अक्षाच्या वर 'प्रक्षेपण' हा शब्द सतत दिसत राहू दे. त्या प्रक्षेपणांत १ मार्च आणि १ जुलै अशा दोन्ही तारखांचे तक्ते असतात. तुमच्या मालिकेला १ मार्चचाच लागेल.

मला विचाराल तर १ मार्च २०११ ला तीन सेकंद थांबून संपवा आणि खाली लिहा: 'यानंतरची जनगणना २०२१ मध्ये होऊ शकली नाही'. जुना आहे म्हणणाऱ्यांना ते उत्तर पुरे आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे, लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड यांच्या बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. ते आकडे आले की तारखांच्या स्तंभात हा फरक आणि सीमांच्या तक्त्यात तेलंगण (२ जून २०१४) व लडाख (३१ ऑक्टोबर २०१९) घालावे लागतील. वरच्या ११ वर्षांच्या नियमामुळे २०११ ते २०२७ या काळात देशातल्या सगळ्याच पट्ट्या तिरप्या रेघांत जातील. तेव्हा नियम सैल करून १७ वर्षांचा करू नका. सोळा वर्षे कुठेच मोजणी नव्हती, ते तसेच दिसू द्या.